सरकार सूचना मागवतं तेव्हा नाशिकमधून काय लिहून पाठवायचं

नव्या कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा आला की सगळ्यात आधी शेवटची तारीख बघायची. केंद्राच्या 2014 च्या धोरणात मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा असं आहे, पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे दिवस कमी वाटले तर मुदतवाढ मागणारा दोन ओळींचा मेल लगेच टाकून द्यायचा. मिळते कधीकधी. डेटा प्रोटेक्शन कायद्याचे, म्हणजे आपली खाजगी माहिती जपण्याच्या कायद्याचे, मसुदा नियम 3 जानेवारी 2025 ला आले, त्यांची 18 फेब्रुवारीची मुदत 5 मार्चपर्यंत गेली.

मग अख्खा मसुदा सगळ्यांनी वाचत बसायचं नाही, वाटून घ्यायचा. कॉलेज रोडला क्लास चालवणाऱ्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती कशी घ्यायची तेवढं बघावं, दवाखान्यात काम करणाऱ्याने पेशंटच्या माहितीचं.

आता खरी गोष्ट, लिहायचं काय. 'हा कायदा लोकशाहीविरोधी आहे' हे वाक्य वाचून अधिकारी काय करणार हो? त्याला नियमाचा नंबर, अडचण आणि बदली शब्द द्या. म्हणजे असं: डेटाच्याच नियमांतला नोटीसचा नियम, म्हणजे कुठली माहिती कशाला घेतोय ते आधी सांगायचं; शेतकरी ई-सेवा केंद्रावर फार्मर आयडी काढायला जातो, ओटीपी त्याच्या मोबाईलवर येतो, तो मोठ्याने वाचून दाखवतो, पण कशाला संमती दिली ते ऑपरेटरच्या स्क्रीनवर, याला दिसतच नाही. डेटा प्रोटेक्शन कायद्याच्या कलम 5 मध्ये नोटीस मराठीत मिळायची सोय आहे, पण स्क्रीनच दुसऱ्याकडे तर उपयोग काय? म्हणून मागणी, 'दुसऱ्यामार्फत फॉर्म भरला जात असेल तर नोटीस वाचून दाखवावी आणि प्रिंट द्यावी' हे शब्द घाला. निफाड-लासलगावकडचं हे चित्र दिल्लीत बसून कोणाला सुचणार नाही, आपली ताकद तीच. मराठीत लिहा बिनधास्त, फक्त मागणीची ओळ इंग्रजीतही टाका.

कॉपी-पेस्ट नको. 2015 मध्ये फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठराविकच वेबसाइट फुकट देणाऱ्या फेसबुकच्या योजनेच्या, बाजूने फेसबुकवरून लाखो लोकांचे एकसारखे मेल ट्रायकडे, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, गेले, पण ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच त्यात नव्हती, आणि 8 फेब्रुवारी 2016 ला वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळे डेटा दर लावण्यावर बंदी आली ती आलीच.

ट्रायला पाठवत असाल तर एक मजा आहे, तिथे सगळ्यांची मतं वेबसाइटवर लागतात आणि नंतर त्यांना उत्तर द्यायला वेगळी मुदत मिळते. कंपन्यांनी काय लिहिलंय ते उघडून त्यांचेच मुद्दे खोडायचे, मला विचाराल तर अर्धी मेहनत इथेच लावा. डेटा नियमांच्या वेळी मात्र मायगव्ह या सरकारी वेबसाइटवर पाठवलेलं जाहीर होणार नाही असं आधीच सांगितलं होतं, अशा वेळी आपलं उत्तर आपणच सगळीकडे टाकायचं, बाकीच्यांनाही मुद्दे मिळतात.

सबमिट केल्यावर पोचचा स्क्रीनशॉट ठेवा. अंतिम नियम आले की आपण लिहिलेल्या नियमाचा नंबर काढून शब्द बदललेत का बघा, आणि एकूण किती सूचना आल्या ते 10 रुपये भरून माहिती अधिकारात विचारा.