माजी सैनिकांच्या घरातील उपचारांची तजवीज: इंदूर-महू परिसरासाठी मार्गदर्शन

इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये आणि महूच्या छावणीलगतच्या भागात सैन्यातून निवृत्त झालेल्यांची अनेक कुटुंबे राहतात. आजारपणाच्या खर्चाचा विषय निघाला की या घरांत पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती पॉलिसी घ्यावी’ हा असतो. माझ्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. निवृत्त व्यक्तीला संरक्षण खात्याचे पेन्शन मिळते की नाही, आणि घरातील कोणकोणत्या माणसांची नावे लष्करी कागदपत्रांत अवलंबित म्हणून नोंदलेली आहेत, हे आधी तपासावे. त्यानंतरच पॉलिसीची गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे आपोआप स्पष्ट होते.

ज्यांना सेवापेन्शन, अपंगत्व पेन्शन किंवा कुटुंब पेन्शन मिळते, त्यांच्यासाठी मुख्य आधार म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात ई.सी.एच.एस. ही योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. हा विमा नव्हे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण विम्यातील अनेक जाचक अटी येथे लागू होत नाहीत. अंशदान एकदाच भरावे लागते, दरवर्षी हप्ता नसतो, आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ नसतो आणि वय वाढले म्हणून सभासदत्व संपत नाही. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार हवालदार हुद्द्यापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्यासाठी ६७ हजार आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये असे हे अंशदान आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना ते माफ आहे. सत्तरीतल्या सैनिकाचे आणि त्याच्या पत्नीचे आयुष्यभराचे उपचार एवढ्या रकमेत करून देणारी खासगी पॉलिसी बाजारात मिळणार नाही.

१ एप्रिल २००३ नंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी हे सभासदत्व सक्तीचे आहे, त्यामुळे त्यांचे अंशदान निवृत्तीच्या वेळीच वळते झालेले असते. त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांपैकी काहीजण मात्र अजूनही दरमहा १ हजार रुपयांचा निश्चित वैद्यकीय भत्ता घेत आहेत. तब्येत चांगली असेपर्यंत हातात येणारी रक्कम बरी वाटते. परंतु वर्षाचे १२ हजार रुपये हे हृदयाच्या एका शस्त्रक्रियेलाही पुरत नाहीत आणि दोन्ही लाभ एकाच वेळी घेता येत नाहीत. अशा वयोवृद्धांनी भत्ता बंद करून योजनेत यावे, असे मी निःसंकोच सुचवीन.

पेन्शन न मिळणाऱ्यांचे चित्र वेगळे आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांची नेमणूक) आणि इमर्जन्सी कमिशनवर (आणीबाणीच्या काळातील तात्पुरती नेमणूक) सेवा केलेले अधिकारी, दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि मुदतपूर्व निवृत्ती घेतलेले यांच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये ई.सी.एच.एस.चे दार उघडले. या गटातील काही अधिकाऱ्यांना आजही ही गोष्ट ठाऊक नसते, म्हणून तिचा वेगळा उल्लेख केला. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून वैद्यकीय अनुदान मिळू शकते, आणि कर्करोग किंवा मूत्रपिंडाच्या विकारासारख्या गंभीर आजारांसाठी पेन्शन नसलेल्यांकरिता स्वतंत्र अनुदान आहे. यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा आणि पडताळणीसाठी इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना ई.सी.एच.एस. लागू नाही. त्या मुलांनी सेवेतून बाहेर पडतानाच खासगी आरोग्य विमा घ्यावा, कारण विशीतल्या निरोगी माणसाला मिळणारा हप्ता पुढे कधीच मिळत नाही.

आता अवलंबितांविषयी. पत्नी किंवा पती, २५ वर्षांखालील बेरोजगार आणि अविवाहित मुलगा, आणि लग्न होईपर्यंत किंवा नोकरी लागेपर्यंत मुलगी, हे सामान्यतः योजनेत येतात. घटस्फोटित किंवा विधवा मुलगी पुन्हा आई-वडिलांवर अवलंबून असेल तर तिलाही घेता येते. आई-वडिलांचे मासिक उत्पन्न महागाई भत्ता वगळता ९ हजार रुपयांपेक्षा कमी असावे लागते. कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची मर्यादा नाही, मात्र त्याचे प्रमाणपत्र वेळेत जोडावे लागते. सून, जावई आणि नातवंडे या योजनेत येत नाहीत. एकत्र कुटुंबात ‘आजोबांचे कार्ड आहे’ एवढ्यावर सगळे निर्धास्त असतात, पण ती निर्धास्तता निराधार असते.

कागदपत्रांतील सर्वांत मोठी अडचण आपल्या मराठी घरांत नावांची असते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. परिणामी डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्य सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तिकेत, पत्नीचे सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारवर या दोहोंचे काहीतरी मिश्रण, असा प्रकार घडतो. त्यातच हिंदी भाषक कारकुनाने आडनाव आपल्या कानाला पटेल तसे लिहिलेले असते, तर मधले पतीचे नाव कोठे असते, कोठे गळलेले असते. कार्डाचा अर्ज अडकतो तो बहुतेक याच ठिकाणी. म्हणून पेन्शन मंजुरीचा आदेश म्हणजे पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार आणि पॅन हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक अवलंबिताचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळवून पाहावी. फरक असल्यास प्रतिज्ञापत्र करून आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीसाठी पाठवावे. महार रेजिमेंटचे हे कार्यालय सागरला आहे, सिग्नल्सचे जबलपूरला आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे सैनिकाच्या नोंदींतील बदलाचा अधिकृत आदेश, प्रसिद्ध झाल्याखेरीज पत्नीचे किंवा उशिरा जन्मलेल्या अपत्याचे नाव पुढे सरकत नाही, आणि या कामाला महिने लागू शकतात. तहान लागल्यावर विहीर खणायला बसू नये, ते या एका कामाच्या बाबतीत तरी अगदी खरे आहे. पेन्शन आता ‘स्पर्श’ प्रणालीतून येत असल्याने तेथील नोंदीही याच नावांशी जुळलेल्या असाव्यात, आणि पेन्शनचे हयातीचे प्रमाणपत्रही दरवर्षी वेळेवर द्यावे.

कागद जुळले की स्मार्ट कार्डासाठी ई.सी.एच.एस.च्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करावा. छायाचित्र, स्वाक्षरी आणि कागदपत्रे स्कॅन करून जोडावी लागतात. स्टेशन हेडक्वार्टर, म्हणजे स्थानिक लष्करी मुख्यालय, पडताळणी करते, आणि कार्ड हाती येईपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या पावतीवर उपचार घेता येतात. ती पावती छापून पाकिटात ठेवावी. पेन्शनधारकाचे निधन झाल्यास पत्नीला नव्याने अंशदान भरावे लागत नाही, परंतु कुटुंब पेन्शनच्या आधारे तिच्या नावाने कार्ड बदलून घ्यावे लागते. दुःखाच्या दिवसांत हे काम मागे पडते आणि पुढच्या आजारपणात कार्ड चालत नाही. घरातील मुलाने किंवा मुलीने ही जबाबदारी स्वतःकडे घेणे बरे.

नेहमीच्या उपचारांची वाट पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे ई.सी.एच.एस.च्या स्वतःच्या दवाखान्यातून जाते. इंदूर शहरात पॉलिक्लिनिक आहे आणि महूतही आहे. महूच्या मिलिटरी हॉस्पिटलचा लाभही पेन्शनधारकाला जागेच्या उपलब्धतेनुसार मिळू शकतो. पॉलिक्लिनिकमधील डॉक्टर तपासतात, औषधे देतात आणि विशेषज्ञाची गरज असेल तर सूचीतील, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, रुग्णालयासाठी रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी) काढून देतात. त्या रुग्णालयात केंद्र सरकारच्या ठरलेल्या दरांनी रोखरहित उपचार होतात. रेफरल घेताना त्यावर तपासणी, शस्त्रक्रिया किंवा सल्ला यांपैकी नेमके काय लिहिले आहे, ते खिडकीपाशीच वाचून घ्यावे. ‘सल्ला’ एवढेच लिहिलेल्या रेफरलवर रुग्णालय एम.आर.आय. करणार नाही आणि पुन्हा फेरी पडेल. रेफरलची मुदत कधी संपते, हेही त्याच वेळी पाहावे. वयोवृद्ध सभासदांना विशेषज्ञांकडे थेट जाण्याची सवलत दिलेली आहे. आपल्या आजी-आजोबांचे वय त्यात बसते का, हे खिडकीवर जरूर विचारावे.

औषधांच्या बाबतीत थोडी चिकाटी लागते. एखादे औषध साठ्यात नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा चिठ्ठीवर मारून घ्यावा, कारण अधिकृत औषधविक्रेत्याकडून ते मिळवण्यासाठी किंवा बाहेरून विकत घेऊन परतावा मागण्यासाठी हाच शेरा पुरावा ठरतो. तोंडी ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर स्वीकारू नये. हिवाळ्यात मुलाकडे पुण्याला जाणाऱ्या आजी-आजोबांनी घाबरण्याचे कारण नाही, कारण कार्ड देशातील कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालते. कायमचा मुक्काम हलवला तर मात्र मूळ पॉलिक्लिनिक बदलून घ्यावे.

तातडीच्या प्रसंगी रेफरल लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अपघात झाल्यास सूचीतील जवळच्या रुग्णालयात जाऊन कार्ड दाखवावे. पॉलिक्लिनिकला कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि त्यासाठी त्याला दोन तासांची मुदत असते. सूचीबाहेरच्या रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर नातेवाइकांनी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे, तेही तोंडी न कळवता लेखी, आणि पोच घ्यावी. तेथील बिल आधी स्वतः भरावे लागते. परतावा सरकारी दरांनीच मिळतो, म्हणून महागड्या रुग्णालयातील बिलाचा मोठा भाग अंगावर पडू शकतो. एम.वाय. रुग्णालयात किंवा अन्य सरकारी रुग्णालयात नेले तर हा बोजा फारसा राहत नाही. सूचीतील रुग्णालयांची यादी बदलत असते, त्यामुळे घराजवळच्या दोन रुग्णालयांची नावे दर काही महिन्यांनी संकेतस्थळावर तपासून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावीत.

सूचीतील रुग्णालयाने कार्ड असूनही अनामत मागितली तर शांतपणे ती लेखी मागावी. बहुतेक वेळा मागणी तेथेच विरते. न विरल्यास पॉलिक्लिनिकच्या प्रमुख अधिकाऱ्याला दूरध्वनी करावा, नंतर महूचे स्टेशन हेडक्वार्टर आणि त्यानंतर केंद्र सरकारचे तक्रार निवारण पोर्टल, असा क्रम ठेवावा. सरकारकडून देयके वेळेवर येत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार निराधार नाही, पण तिचा भार रुग्णावर टाकण्याचा अधिकार त्यांना नाही. हुद्द्यानुसार मिळणाऱ्या वॉर्डापेक्षा वरची खोली मागितली तर फरकाची रक्कम मात्र आपल्यालाच भरावी लागते.

सत्तरी ओलांडलेल्यांपुढे आता आणखी एक निवड येते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, वय वंदना कार्डाद्वारे कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार खुले झाले. वस्तीत शिबिर भरते, कार्यकर्ते घरी येतात आणि आजोबा उत्साहाने अंगठा देतात. ई.सी.एच.एस.च्या सभासदाने येथे थांबून विचार करावा, कारण दोन्हींपैकी एकच योजना निवडता येते. आयुष्मानमध्ये रुग्णालयात दाखल झाल्यावरचे उपचार येतात, दर महिन्याची रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे त्यात मिळत नाहीत. शिवाय ५ लाखांची मर्यादा आहे आणि पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास ती दोघांत वाटून घ्यावी लागते. म्हणून ई.सी.एच.एस. सोडू नये. याउलट सैनिकाचे आई-वडील उत्पन्नाच्या अटीमुळे अवलंबित ठरत नसतील आणि सत्तरीच्या पुढे असतील, तर त्यांच्यासाठी आयुष्मान कार्ड अवश्य काढावे. खासगी पॉलिसी असलेल्यांनाही ते घेता येते.

उरला खासगी विमा. ज्यांना ई.सी.एच.एस. आहे त्यांनी स्वतःसाठी तो घेतलाच पाहिजे, असे मला वाटत नाही. ज्यांना सूचीबाहेरच्या विशिष्ट रुग्णालयातच जायचे आहे आणि हप्ता झेपतो, त्यांनी घ्यावा. खरी गरज असते ती योजनेतून बाहेर पडणाऱ्यांना. मुलगा २५ वर्षांचा होण्याआधी किंवा मुलीचे लग्न ठरताच त्यांची स्वतंत्र पॉलिसी सुरू करावी. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ ठेवू शकते, आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका लवकर संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. एजंटच्या आकडेमोडीत तो दिसल्यास जाब विचारावा.

माजी सैनिकाने स्वतः पॉलिसी घेताना सैन्याच्या मेडिकल बोर्डाने नोंदवलेला प्रत्येक विकार अर्जात लिहावा. अपंगत्व पेन्शन घेणाऱ्याचा आजार सरकारी कागदावरच असतो, त्यामुळे तो लपवण्याचा सल्ला देणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवावे. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे निवृत्तीनंतरचे वाढीव संरक्षण आणि पेन्शन खात्यासोबत बँक देते तो अपघात विमा, या दोहोंनी रुग्णालयाचे नेहमीचे बिल भागत नाही. पहिला आयुर्विमा आहे, दुसरा अपघातापुरता. पॉलिसीचे कागद हाती आल्यावर ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात, ते वाचण्यात घालवावेत. पुढे दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास भोपाळच्या विमा लोकपालांकडे अर्ज करावा. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.