ड्रॅग स्ट्रिपवर सुटलेली गाडी थांबवायची कशी: खडी, जाळी आणि वाळूची पिंपं

ड्रॅग रेसिंगमधे, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या शर्यतीत, सगळ्यांचं लक्ष स्टार्ट लाईनवर असतं, पण ट्रॅक बांधणाऱ्याने पहिल्या दिवशी दुसऱ्या टोकाला, जिथे डांबर संपतं तिथे जाऊन उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. गाडी थांबवायला मागे उघडणारं पॅराशूट उघडलं नाही, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) अडकलाय, ड्रायव्हर कदाचित शुद्धीवर पण नाही, आणि गाडी आपल्याकडे येतेय असं डोळ्यासमोर आणा, मग ठरवा इथे काय काय लागेल.

२१ जून २००८ ला न्यू जर्सीत इंग्लिशटाउनला रेसर स्कॉट कलिटाच्या फनी कारचं (ड्रॅगची एक अतिवेगवान गाडी) इंजिन फुटलं, पॅराशूटचा उपयोग झाला नाही आणि गाडी शटडाऊन एरियाच्या (फिनिशनंतर थांबायला ठेवलेल्या पट्ट्याच्या) टोकापलीकडे गेली, त्यात तो गेला. त्यानंतर एनएचआरएने (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात वेगवान वर्गांची शर्यत १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली, म्हणजे थांबायला ३२० फूट जास्त मिळाले. २०१० मधे सिएटलजवळ पॅसिफिक रेसवेजला मार्क निव्हर या रेसरच्या ड्रॅगस्टरची (लांब, बुटकी ड्रॅग गाडी) पॅराशूटं सुटून गेली, गाडी जाळीपर्यंत पोचली, आणि तरीही तो वाचला नाही. म्हणून सांगतो, गाडी अडवणं म्हणजे माणूस वाचवणं नव्हे, गाडी अडवायची नसते, दमवायची असते.

थोडं गणित करू. ताशी १०० किमीची गाडी १ मीटरमधे थांबली तर ड्रायव्हरवर सरासरी ३९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३९ पट जोर) येतो, तीच ३० मीटरमधे थांबवली तर फक्त १.३ जी. ताशी २०० ला हेच आकडे चौपट होतात, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. त्यामुळे तुमच्याकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट लांबी आहे. जमीन घेतानाच शटडाऊन जास्तीत जास्त लांब ठेवा, त्यात काटकसर नको. शेवटी हलका चढ असेल तर चांगलंच, पण ५ टक्के चढ म्हणजे जेमतेम ०.०५ जी, त्याच्या भरवशावर राहू नका.

डांबर संपलं की खडीचा खड्डा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. खडी गोल, गुळगुळीत आणि साधारण एकाच मापाची पाहिजे, नदीतल्या बारीक गोट्यांसारखी. क्रशरची धारदार खडी स्वस्त मिळते पण तिचे कोपरे एकमेकांत अडकतात आणि थोड्याच दिवसात तिचा रस्ता होतो, चाक रुततच नाही. खोली सुरुवातीला ७-८ सेंटिमीटर ठेवून हळूहळू वाढवत न्यायची, घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी असलेल्या एस्केप रॅम्पला पण असंच करतात. एकदम खोल केलंत तर ड्रॅगस्टरची पुढची बारीक चाकं खुपसतील आणि गाडी कोलांटी खाईल. डांबर आणि खडी जिथे मिळतात तिथे कडा नको, उंचवटा नको, खडी डांबराच्या पातळीत किंवा किंचित खाली, नाहीतर तो उडी मारायचा रॅम्प झाला. आणि तळाला पाण्याचा निचरा पाहिजेच.

मी एकदा एका ट्रॅकवर खडीत गवत उगवलेलं पाहिलंय. वरून खड्डा छान दिसत होता, पण टाच मारली तर बोटभरसुद्धा आत गेली नाही, पावसाने आणि धुळीने वर कडक पापुद्रा धरला होता. सुटलेली गाडी त्याच्यावरून बर्फावरून घसरावी तशी सरकत गेली असती. म्हणून प्रत्येक इव्हेंटच्या सकाळी एक लोखंडी सळई घेऊन चालत जा, आठ-दहा ठिकाणी खुपसून बघा, अडली की लगेच खणून मोकळी करून घ्या. मूठभर खडी दाबून सोडा, गोळा राहिला तर त्यात माती झालीये, चाळा नाहीतर बदला.

खडीच्या पुढे जाळी. ही कल्पना विमान अडवायच्या अरेस्टिंग नेटसारखीच आहे, नायलॉनचे उभे पट्टे आणि वर-खाली जाड पट्टा. पण खरं काम जाळी करत नाही, तिच्या दोन्ही टोकांना जे ब्रेक असतात ते करतात, गाडी आत शिरली की पट्टा ताण धरत धरत सुटत गेला पाहिजे. जाळी सरळ खांबाला बांधून टाकली तर ती भिंतच आहे, फक्त दिसायला मऊ. खालचा पट्टा किती उंचीवर आहे ते तुमच्याकडे धावणाऱ्या सगळ्यात बुटक्या गाडीचं नाक शेजारी उभं करून बघा, कारण ड्रॅगस्टर खालून निसटू शकते आणि मग पट्टा थेट ड्रायव्हरच्या अंगावर येतो. बाजूच्या भिंती जाळीपर्यंत अखंड ठेवा, गाडी वळसा घालून जायला नको. ऊन नायलॉन खातं, रंग उडालेला, तंतू सुटलेला पट्टा बदलायचाच.

जाळीच्या मागे शेवटचा उपाय म्हणून वाळूची पिंपं. ही जॉन फिच या रेसरने काढली, १९५५ च्या फ्रान्समधल्या ल मान्स शर्यतीच्या अपघातात त्याच्या टीममधला लवेग आणि ८० हून जास्त प्रेक्षक गेले, त्यानंतर त्याने या कामाला वाहून घेतलं. पिंपं पुढून मागे जड होत जातात, साधारण ९०, १८०, ३२०, ६४० किलो अशी. १००० किलोची गाडी ताशी १०० ने आली तर पहिल्या पिंपानंतर ९२, दुसऱ्यानंतर ७८, तिसऱ्यानंतर ५९ वर येते. क्रम उलटा लावलात तर पहिलाच दणका सगळ्यात मोठा. झाकणं घट्ट ठेवा, ओली वाळू गोठली की दगड होतो.

या सगळ्याच्या मागे काहीही नको. झाड नको, खांब नको, कॅमेऱ्याची क्रेन नको, उभी ॲम्ब्युलन्स तर अजिबात नको. रेस्क्यूवाल्यांना बाजूने वेगळा पक्का रस्ता द्या, कारण त्यांची गाडी पण खडीत रुतणार.

आणि एकदा गाडी आत गेली की रेस बंद. खडी सपाट करून मोकळी होईपर्यंत, जाळी परत ताणून ब्रेक रीसेट होईपर्यंत, पब्लिक कितीही ओरडू दे, सेफ्टीवाल्याची वहीत सही झाल्याशिवाय पुढची जोडी स्टार्ट लाईनवर घ्यायची नाही.