प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

प्रार्थनेला बसावे आणि मन दगडासारखे राहावे, पाठ असलेले वचन वाचूनही आत काही हलू नये, असा काळ बहुतेक ख्रिस्ती माणसांच्या वाट्याला येतो. पण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याविषयी क्वचितच बोलले जात असल्याने प्रत्येकाला आपल्या एकट्याचाच विश्वास आटला असे वाटते. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे सांगतात की त्यांनी हा अंधार जवळजवळ ५० वर्षे सोसला, आणि त्याच वर्षांत कोलकात्यातील त्यांची सेवा चालू होती.

सर्वप्रथम शरीराकडे पाहावे. बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोल लावत नाही. दोनदा खायला उठवतो, भाकर आणि पाणी देतो, आणि मधल्या वेळात झोपू देतो. सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, भूक व झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात विश्वासाला कमीपणा नाही. एखादे पाप मनाला टोचत असेल, तर ते कबूल करावे; मात्र काही सापडत नसताना स्वतःला उकरत बसू नये. ‘देवाची सेवा माझ्याकडून घडत नाही’ ही तळमळ शिल्लक असणे, ही सोळाव्या शतकातील संत योहान ऑफ द क्रॉस यांनी चांगली खूण मानली आहे.

त्यानंतर प्रार्थनेची वेळ सांभाळावी. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांचा सल्ला मला सर्वांत उपयोगी वाटतो: अशा काळात ठरलेला तास पूर्ण करून वर थोडा अधिक वेळ बसावे, आणि आधी शांत मनाने घेतलेला कोणताही निर्णय बदलू नये. सेवा सोडण्याचा किंवा मंडळी बदलण्याचा विचार नेमका याच दिवसांत येतो, म्हणून तो पुढे ढकलावा.

स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर बायबलमधील स्तोत्रांचे घ्यावेत. माझ्या अशा एका पावसाळ्यात मी रोज पहाटे केवळ तेरावे स्तोत्र, ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने वाचत असे. अवघ्या सहा वचनांच्या त्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते, आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणून देवापुढे खोटा आनंद आणण्याची गरज नाही.

रविवारची उपासना चुकवू नये. गाता येत नसेल, तर मागच्या बाकावर बसून इतरांचे ऐकावे. प्रभूची प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते, आणि त्या ‘आमच्या’मध्ये गप्प बसलेला माणूसही धरलेला असतो. उपासना संपल्यावर पाळकांना किंवा विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला गाठून, ‘सध्या मला प्रार्थना जमत नाही, माझ्यासाठी तुम्ही करा,’ एवढे सांगावे.