पीक कापणी प्रयोगाच्या आधाराने नमुना निवड आणि मापनपातळी

संख्यात्मक संशोधनात प्रश्नावली छापण्याआधी दोन गोष्टी कागदावर ठरलेल्या असाव्यात: माहिती कोणाकडून घ्यायची आणि ती कोणत्या पातळीवर मोजायची. दोन्ही समजून घेण्यासाठी आपल्याकडील पीक कापणी प्रयोगाइतके, म्हणजे निवडक शेतांतील छोटे तुकडे कापून पिकाच्या हेक्टरी उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या पद्धतीइतके, चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. या पद्धतीला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांपैकी एक, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

तालुक्यातील प्रत्येक शेत कापून तोलणे अशक्य असते, म्हणून निवड टप्प्याटप्प्याने होते. आधी गावे, मग त्या गावांतील गट क्रमांक आणि शेवटी शेतातील एक छोटा तुकडा, असे सर्व काही यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढल्याप्रमाणे कोणाच्याही पसंतीविना, निवडले जाते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदी पावलांनी मोजतात, तुकडा बांधाबाहेर जाऊ नये म्हणून त्यातून तुकड्याची लांबी-रुंदी वजा करतात आणि उरलेल्या मर्यादेतील यादृच्छिक संख्येइतकी पावले चालून खुंटी ठोकतात. ही शिस्त महत्त्वाची आहे, कारण मोकळीक मिळाली की माणसाची नजर भरघोस कणसांकडेच जाते. अनेक पिकांसाठी तुकडा १० मीटर बाय ५ मीटरचा, म्हणजे ५० चौरस मीटरचा घेतात. त्यातील १२ किलो धान्याचा अर्थ हेक्टरी २४ क्विंटल होतो, म्हणजे तोलताना झालेली एका किलोची चूक हेक्टरी दोन क्विंटलची होते. तुकडा फार लहान घेतला, तर दोरीच्या काठावरची रोपे आत धरली जाऊन उत्पादन फुगते, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले होते.

आपल्या अभ्यासातही सुरुवात यादीपासून करावी. यादी पूर्ण असेल आणि गट एकजिनसी असेल, तर साधा यादृच्छिक नमुना पुरतो. बागायती आणि जिरायती शेतकऱ्यांत मोठा फरक अपेक्षित असेल, तर आधी हे दोन स्तर पाडून प्रत्येकातून स्वतंत्र निवड करावी. ज्यांची यादीच उपलब्ध नाही, अशा स्थलांतरित ऊसतोड मजुरांपर्यंत अनेकदा ओळखीतून ओळख काढत पोहोचावे लागते. तो मार्ग योग्यच आहे, मात्र अशा नमुन्यावरून संपूर्ण समूहाविषयी टक्केवारी आणि त्रुटीची मर्यादा सांगू नये.

मापनाच्या चार पातळ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मांडल्या आणि त्या चारही एकाच शेतात सापडतात. ज्वारीचा वाण ही नाममात्र पातळी आहे. येथे मोजदाद आणि बहुलक (सर्वाधिक वेळा आलेली नोंद) एवढेच शक्य आहे. हलकी, मध्यम, भारी जमीन ही क्रमवाचक पातळी होय. तिला १, २, ३ असे सांकेतिक अंक दिले, तरी हलकी ते मध्यम आणि मध्यम ते भारी ही अंतरे समान आहेत असे मानायला आधार नाही, म्हणून सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद) घ्यावा. सेल्सियसमधील तापमान अंतराल पातळीवर येते. २० अंश हे १० अंशांच्या दुप्पट उष्ण नसते, कारण तेथील शून्य केवळ सोयीने ठरवलेले आहे. धान्याचे वजन मात्र गुणोत्तर पातळीवर असते आणि तेथे दुप्पट म्हणजे खरोखर दुप्पट.

प्रबंधांत मला सर्वांत जास्त खटकते ती पातळी विनाकारण खाली आणण्याची सवय. वय विचारताना ‘१८ ते ३०’ असे रकाने दिले, की गुणोत्तर पातळीची माहिती कायमची क्रमवाचक होऊन बसते. पूर्ण वर्षे लिहून घ्यावीत. विश्लेषणाच्या वेळी वयोगट हवे तसे पाडता येतात. प्रश्नावलीच्या कच्च्या प्रतीत प्रत्येक प्रश्नासमोर त्याची पातळी आणि वापरायची सांख्यिकी चाचणी पेन्सिलीने लिहावी. जेथे चाचणी सुचत नाही, तो प्रश्न बदलावा किंवा काढून टाकावा.

क्षेत्रकार्यात निवडलेले घर बंद मिळते, तसेच निवडलेले शेत कधीकधी आधीच कापलेले निघते. अशा वेळी शेजारचे सोयीचे घर न घेता आधी लिहून ठेवलेल्या नियमानेच पर्याय निवडावा आणि असे किती पर्याय घ्यावे लागले, तो आकडा अहवालात द्यावा.