केनियातल्या मिशन शाळेत सेवेला जाणाऱ्यांसाठी

केनियाच्या किनारपट्टीवर, किलिफी-क्वालेसारख्या जिल्ह्यांत, मिशन शाळेत वर्ष-दोन वर्षं सेवा करावी असं अनेक तरुण शिक्षकांच्या मनात असतं. त्यांनी आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फाटकावर चर्चचं नाव असलं तरी शाळा बहुधा सरकारी असते. २०१३च्या मूलभूत शिक्षण कायद्यात चर्चला ‘स्पॉन्सर’ म्हटलं आहे. त्याचे प्रतिनिधी व्यवस्थापन मंडळावर बसतात, तो अभ्यासक्रमाबाबत सल्ला देतो, स्वखर्चाने चॅपलिन (शाळेचा धर्मगुरू) ठेवतो आणि इमारतींना हातभार लावतो. शिक्षक नेमतं ते टीचर्स सर्व्हिस कमिशन, म्हणजे टीएससी. ते शिक्षक पुरले नाहीत की मंडळ गावातलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी तुटपुंज्या पगारावर ठेवतं, आणि हा पगार बऱ्याचदा पालकांच्या वर्गणीतून निघतो. तुम्ही विनावेतन शिकवायला आलात म्हणून त्यांना घरी बसवलं, तर तुम्ही परतल्यावर तो वर्ग ओस पडतो. त्यामुळे होकार देण्याआधी मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा: माझ्या येण्याने कुणाचा तास जाणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या शिक्षकाच्या जोडीने वर्ग घ्यायची तयारी दाखवा.

या कामाशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीने लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकी शिकवली. त्यांच्यातले काही १८६४मध्ये मोम्बासाजवळच्या राबाईला गेले. पुढे १८७५मध्ये शरणपूरचेच मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी मोम्बासाजवळच सुटलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन ही वस्ती वसवली, तिथेही शिक्षक आणि प्रचारक म्हणून हीच माणसं उभी राहिली. युरोपियन मिशनरी आजारी पडून परत जात, तेव्हा वर्ग चालू राहिला तो या आफ्रिकी शिक्षकांमुळे. आजही शाळा तिथल्याच शिक्षकांच्या जिवावर चालते.

कागदपत्रांच्या तयारीला निदान सहा महिने आधी लागा. ऑनलाइन मिळणारी ईटीए ही पाहुण्यांसाठीची प्रवासपरवानगी आहे, तिच्यावर शिकवणं बेकायदा ठरतं. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी ‘क्लास आय’ परमिट लागतं. त्याचा अर्ज तुम्हाला बोलावणारा धर्मप्रांत किंवा संस्था करते. वर्ग घ्यायचा तर टीएससीची नोंदणीही हवी, म्हणून बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पोलीस क्लिअरन्स दाखला जवळ ठेवा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. किनाऱ्यावर हिवताप वर्षभर असतो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली, तर ती परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. बरं वाटतंय म्हणून लोक ती मध्येच सोडतात आणि घरी आल्यावर तापाने फणफणतात.

वर्गात खरं घोडं अडतं ते चौथीत. तिसरीपर्यंत मातृभाषा किंवा स्वाहिली चालते, चौथीपासून माध्यम इंग्रजी होतं. मूल धडा खडखडीत वाचून दाखवतं, पण ‘यात काय झालं?’ असं विचारलं की गप्प बसतं. धड्याआधी सात-आठ शब्द फळ्यावर लिहा, सोबतच्या शिक्षकाला ते स्वाहिलीत सांगू द्या आणि वाचून झाल्यावर मुलांना त्यांच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. आपलं इंग्रजी त्यांच्या कानाला भरभर वाटतं, तेव्हा सावकाश बोला. वेळेचाही घोळ होतो. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे ‘सा म्बिली’ला या म्हटलं की आठ वाजता हजर राहायचं.

किनाऱ्यावरच्या मिशन शाळेत मुसलमान मुलंही बरीच असतात. ख्रिस्ती, इस्लामी किंवा हिंदू धर्मशिक्षण यांपैकी विषय निवडणं हा पालकांचा प्रश्न आहे. वही-पेन, जेवण किंवा फी यांची सांगड उपासनेच्या हजेरीशी कधीही घालू नका. ते कायद्यात बसत नाही आणि सुवार्तेलाही शोभत नाही. मुलांवर हात उगारणं गुन्हा आहे, मग शेजारच्या वर्गात छडी दिसली तरीही. मुलाला एकट्याला बंद खोलीत शिकवू नका आणि पालकांच्या लेखी संमतीवाचून फोटो बाहेर पाठवू नका. काही गैर दिसलं तर मुख्याध्यापकांना सांगा. मुलांसाठीची ११६ ही हेल्पलाइनही आहे.

मिशनचा पैसा सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो दुपारच्या जेवणात. तिथलं साधं जेवण म्हणजे गिथेरी, म्हणजेच मका आणि राजम्यासारखा घेवडा एकत्र शिजवून केलेली उसळ. एका मुलामागे १५० ग्रॅम मका, ४० ग्रॅम कडधान्य आणि ५ ग्रॅम तेल धरलं, तर ३०० मुलांना रोज ४५ किलो मका, १२ किलो कडधान्य आणि दीड किलो तेल लागतं. तिकडे मक्याचं पोतं ९० किलोचं, म्हणजे ते दोन दिवसांत संपतं. ६५ दिवसांच्या सत्राला तेहेतीस पोती हाताशी हवीत. खरेदी रिफ्ट व्हॅली या मका पिकवणाऱ्या भागाची सुगी आल्यावर, वर्षाच्या अखेरीस करा, कारण मे ते जुलैत भाव चढतात. मात्र ओला मका स्वस्त मिळतोय म्हणून भरू नका. ओल साडेतेरा टक्क्यांच्या वर असली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. २००४मध्ये पूर्व केनियात अशा मक्याने १२५ माणसं दगावली. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. वास आलेलं किंवा काळं-हिरवं पडलेलं धान्य कोंबड्यांनाही घालू नका. घेवडा रात्री भिजत घातला की सरपण बरंच वाचतं.

फी भरताना पैसे नातेवाइकाच्या एम-पेसावर (मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर) न धाडता मुलाचा प्रवेशक्रमांक लिहून थेट शाळेच्या खात्यात भरा आणि पावती मागा. पण फी भरली म्हणून काम झालं असं समजू नका. वरिष्ठ माध्यमिकच्या वसतिगृहात जायचं तर कुलपाची लोखंडी पेटी, गादी, ब्लँकेट, बादली, दोन गणवेश आणि काळे बूट लागतात. फी भरलेली मुलगी पेटी-गादीपायी जानेवारीत घरीच अडकते, आणि फेब्रुवारीत गेली तरी कायम मागे राहते. ही यादी नोव्हेंबरातच मिळवा आणि तिचे पैसे फीसोबत बाजूला काढा. तिला दर महिन्याला सॅनिटरी पॅडचं एक पाकीटही द्या. शाळेत पाणी आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे ना, हे स्वतः जाऊन बघा.

नवीन अनाथालयासाठी मात्र देणगी गोळा करू नका. केनियाने २०१७पासून अशा नव्या संस्थांची नोंदणी थांबवली आहे आणि तिथल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा हयात असतात. तोच पैसा आजीला किराणा, घराला पत्रा आणि सगळ्या भावंडांची फी म्हणून दिला, तर मूल घरात राहून शिकतं. एकाच भावंडाला प्रायोजक मिळाला की घरात तेढ येते, म्हणून मदत कुटुंबाच्या नावाने ठरवा.

निघण्याच्या एक सत्र आधी फीची वही, धान्याचा हिशेब आणि प्रायोजकांचे पत्ते स्थानिक शिक्षकाच्या हाती द्या. ते शेवटचं सत्र सगळे व्यवहार त्यालाच करू द्या, अडेल तिथे विचारायला तुम्ही असाल. मुलांना ‘पुढच्या वर्षी येईन’ असं तिकीट हातात पडेपर्यंत सांगू नका.