सिंक तुंबलं? आधी पाणी जातं कुठून ते बघा

कोल्हापुरात रविवारी तांबडा-पांढरा झाला, की सोमवारी सिंकमध्ये पाणी रेंगाळायला लागतं. प्लंबरला फोन करण्याआधी ओट्याखालचं सामान बाहेर काढा आणि टॉर्च मारून वरून खाली बघत या.

सिंकच्या भोकात जाळीसकट बसवलेली असते ती वेस्ट कपलिंग. ती खालून नटाने आवळलेली असते. पाणी तिथूनच ठिबकत असेल तर बहुतेक वेळा वॉशर गेलेला असतो. काम स्वस्तातलं आहे.

त्याखाली बॉटल ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी कायम साठून राहतं. गटाराचा वास आणि झुरळं अडवायचं काम हे पाणी करतं. महिनाभर गावी जाऊन आलात आणि स्वयंपाकघरात वास मारतोय? ट्रॅप सुकला असेल. तांब्याभर पाणी ओता.

काही घरांत सिंकखाली ट्रॅपच नसतो. सिंकचा वळ्यांचा पाईप थेट नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली असतो त्या ट्रॅपमध्ये, खुपसलेला असतो. तसं चालतं, पण पाईपभोवतीची फट रबरी रिंगने बंद हवी. ती उघडी ठेवणाऱ्यांची मला कमालच वाटते.

आता तुंबलेलं काढायचं. सिंकचं पाणी सोडल्यावर मोरीतही पाणी वर येतंय का बघा. येत असेल तर अडथळा पुढे आहे, बाहेरचं चेंबर उघडून घ्या. ट्रॅप खोलून हात घाण करू नका. फक्त सिंकच तुंबलं असेल तर खाली बालदी ठेवा आणि ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा. प्लास्टिकला पाना लावू नका, आटे जातात. वाटीतला चिकटा धुवा, वॉशर नीट बसवा, हातानेच आवळा. मग सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि जोडावर वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा फिरवा. ओला झाला तर पुन्हा आवळा.

एक मात्र सांभाळा: आधी ड्रेन पावडर टाकली असेल तर ट्रॅप उघडू नका, त्यावर ॲसिडही ओतू नका. पावडरीतल्या कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते. प्लंबर आला तरी त्याला हे आधी सांगा.

ट्रॅप स्वच्छ निघाला तर दोष पाईपचा. वळ्यांच्या पाईपला झोळ पडला की वळ्यावळ्यांत चरबी धरते. आतून गुळगुळीत पीव्हीसी पाईप टाका आणि मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार ठेवा. उकळतं पाणी ओतून चरबी फक्त पुढे सरकते आणि थंड झाली की तिथं गोठते. त्यापेक्षा पातेल्याला लागलेला कट घासण्याआधी रद्दीने पुसून काढा.