व्हीलचेअरसाठी टॉर्नेडो शेल्टर बांधताना आधी रॅम्पचा हिशेब करा

ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये आम्ही राहतो. शेजारच्या मूर शहरात ३ मे १९९९ आणि २० मे २०१३ या टॉर्नेडोच्या दोन तारखा कुणी विसरलेलं नाही. दुसऱ्या वेळी २४ माणसं गेली. त्यांत प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतली सात मुलं होती. त्यामुळे इथे घर घेताना लोक स्वयंपाकघराच्या आधी शेल्टर कुठे आहे ते विचारतात.

माझा लेक पॉवर व्हीलचेअर वापरतो. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार आहे. खुर्ची आणि तो मिळून वजन दोनशे किलोच्या पुढे जातं, म्हणजे ‘वेळ आली की उचलून नेऊ’ हा विचारच बाद. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, शिक्षण सांगलीचं. आमचं शेल्टर मी स्वतः डिझाइन केलं आणि इथल्या परवानाधारक सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. अमेरिकेच्या या पट्ट्यात राहणाऱ्या आणि घरात व्हीलचेअर असणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे.

इथे सर्रास दिसतं ते गॅरेजच्या फरशीखाली पुरलेलं स्टीलचं तयार शेल्टर. वर सरकतं झाकण, खाली उतरायला उभ्या पायऱ्या. धडधाकट माणसासाठी ते उत्तम आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला मात्र आधी खुर्चीतून काढायचं, मग दोघांनी धरून खाली न्यायचं, आणि त्याची खुर्ची, मानेचा आधार, श्वासाचं यंत्र हे सगळं वरच ठेवायचं. असं शेल्टर त्याच्यासाठी बांधलेलंच नसतं.

म्हणून खोलीचा नकाशा काढण्याआधी रॅम्पचा हिशेब मांडा. अमेरिकेतला एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा सार्वजनिक जागांसाठी आहे, खासगी घराला तो लागू नाही. तरी त्यातली मापं वापरावीत, कारण ती माणसाच्या शरीरावरून आणि खुर्चीवरून आलेली आहेत. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२, म्हणजे एक फूट खाली जायला बारा फूट लांबी. एका दमात ३० इंचांपेक्षा जास्त उतरायचं नाही, मध्ये पाच फुटांची सपाट जागा हवी. आता पूर्ण जमिनीखालची खोली घ्या. आतली उंची ७ फूट, वर १० इंची स्लॅब. फरशी ९४ इंच खाली गेली, म्हणजे ९४ फूट रॅम्प आणि मध्ये तीन सपाट टप्पे, एकूण १०९ फूट. तुमच्या परसात एवढी जागा आहे का? असलीच, तरी गारांच्या माऱ्यात ती कापायला किती वेळ लागेल?

वाटेचा हा आकडा समोर आला की खोली किती खोल असावी ते आपोआप ठरतं. माझ्या मते पसंतीचा क्रम असा असावा. जमीन घराच्या मागे चढत जात असेल, तर त्या चढाच्या पोटात खोली घ्या: दार घराच्या पातळीला, तीन बाजू आणि छत मातीखाली, रॅम्प जवळपास नाहीच. चढ अपुरा असेल तर फरशी थोडी खाली न्या, पण ३० इंचांच्या आत राहा. ३० फुटांच्या एका सरळ रॅम्पमध्ये काम होतं. वर उरलेल्या भिंतींना बाहेरून मातीचा भराव घाला. जमीन सपाट आणि प्लॉट लहान असेल, तर जमिनीखाली जायचा हट्ट सोडा. फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या निकषांप्रमाणे बांधलेली जमिनीवरची सेफ रूम, म्हणजे वादळात टिकणारी भक्कम खोली, तितकंच संरक्षण देते, कारण निकष दोन्हींना एकच आहेत. गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा बेडरूमला लागून अशी खोली झाली, तर व्हीलचेअरच्या घराला बहुतेक वेळा तीच सगळ्यांत शहाणी निवड ठरते.

लिफ्ट बसवून खोल जाऊ, असंही लोक सुचवतात. वादळात वीज आधी जाते. बॅटरीवर चालणारी लिफ्ट मिळते, पण यंत्र हा जादाचा मार्ग म्हणून ठेवा; मुख्य वाट अशी असावी की जिथे काही बंद पडूच शकत नाही.

आमच्याकडे मागची जमीन चढती आहे, पण पुरेशी नाही. म्हणून फरशी गॅरेजच्या फरशीपेक्षा २ फूट खाली नेली आणि २४ फुटांचा रॅम्प गॅरेजच्या मागच्या दारापासून सुरू केला. रुंदी ३६ इंच चालते, आम्ही ४८ ठेवली. दोन्ही टोकांना पाच फूट सपाट जागा, दोन्ही कडांना ४ इंचांचा कठडा म्हणजे चाक घसरणार नाही, आणि काँक्रीटला आडव्या झाडूचा खरखरीत पोत. दोन्ही बाजूंना ३४ ते ३८ इंचांवर दांडे आहेत, ते सासूबाईंसाठी. त्या दर उन्हाळ्यात मिरजेहून येतात, काठी घेऊन चालतात, आणि अशा माणसाला आधाराशिवाय उतार पायऱ्यांपेक्षा अवघड जातो. रॅम्पवर पत्र्याचं छप्पर आहे, ते फक्त पाऊस आणि गारांसाठी. टॉर्नेडोत ते टिकेल असं मी धरलेलं नाही.

ते छप्पर दारावर येऊन पडू शकतं, म्हणून दार आत उघडणारं हवं. बाहेर उघडणारं दार ढिगाऱ्याने अडलं तर आतली माणसं अडकतात. दार हा सगळ्या बांधकामातला नाजूक भाग आहे, त्यावर पैसे वाचवू नका. आयसीसी ५०० या वादळी शेल्टरच्या अमेरिकी मानकात आमच्या भागासाठी ताशी २५० मैल, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर वाऱ्याचा विचार आहे. चाचणीत १५ पौंडांचा लाकडी वासा ताशी १०० मैल वेगाने दारावर फेकतात. लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात अशा चाचण्या होतात. ११ मे १९७० ला त्याच शहरात टॉर्नेडोने २६ बळी घेतले, तिथून त्यांचं हे काम सुरू झालं. दार, चौकट, बिजागऱ्या आणि कड्या या सगळ्यांची एकत्र चाचणी झाल्याचा कागद मागा. नुसतं जाड स्टीलचं दार घेऊन साध्या चौकटीत बसवलं तर त्याचा काही उपयोग नाही.

व्हीलचेअरसाठी दाराची निव्वळ मोकळी रुंदी किमान ३२ इंच लागते, म्हणून ३६ इंची दार घ्या. उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच नको. खरी मेख कड्यांची असते. बऱ्याच शेल्टर दारांना तीन वेगवेगळ्या कड्या असतात आणि वरची डोक्याच्या उंचीला. बसलेल्या माणसाचा हात ४८ इंचांपर्यंतच धरायचा. एकच हँडल फिरवलं की तिन्ही कड्या एकदम बसतात, अशी दारं मिळतात, तीच घ्या. माझ्या लेकाला तेही हँडल फिरवता येणार नाही. पण घरात तो आणि त्याची आजी दोघंच असतील, तेव्हा आजीला ते जमलंच पाहिजे. सगळं डिझाइन करताना मी हीच जोडी डोळ्यांसमोर ठेवली. तुमच्या घरातली सगळ्यांत कमी ताकदीची जोडी कोणती, ते आधी ठरवा आणि प्रत्येक गोष्ट तिच्या हातांनी तपासा.

आत उघडणारं दार आतली जागा खातं. खुर्ची आत आल्यावर दार फिरतं त्या जागेतून पूर्ण पुढे गेल्याशिवाय दार लागत नाही: दाराचे ३ फूट, खुर्चीचे ४ फूट, म्हणजे लांबी किमान ७ फूट आणि शिवाय इतरांची जागा. हँडलच्या बाजूला भिंत आणि दार यांत १८ इंच मोकळे ठेवा, नाहीतर खुर्चीवरून दार ओढता येत नाही. वळायला पाच फूट व्यासाची जागा लागते. लेकाची खुर्ची मागे कलते, पायही वर येतात, तेव्हा तिची लांबी सहा फुटांच्या आसपास जाते. हे सगळं धरून आमची खोली आतून ८ बाय १० फूट झाली. वळायच्या त्या वर्तुळात पाण्याचे कॅन, जुने खोके असं काहीही ठेवू द्यायचं नाही, याबद्दल मी घरात फार कडक आहे.

पाण्याचा विचार आता. काँक्रीटची खोली जड असते, ती कशी तरंगेल, असं वाटतं. हिशेब करून बघा. आतून ८ बाय १० बाय ७ फूट, भिंती ८ इंच, छत १० इंच, तळ १२ इंच: काँक्रीटचं वजन साधारण साडेपंचवीस टन. हीच खोली पूर्ण जमिनीखाली असेल आणि माती वरपर्यंत पाण्याने भरली, तर खालून वर ढकलणारा जोर सुमारे साडेसव्वीस टन! खोली रिकाम्या होडीसारखी वर येऊ पाहते. उपाय सोपा आहे: तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर फूटभर काढा, म्हणजे त्यावरच्या मातीचं वजन खोलीला दाबून धरतं. पायाशी छिद्रांचा पाइप आणि भोवती खडी घालून पाणी उताराकडे काढून द्या. इथली तांबडी चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर ज्यांनी बांधकाम केलंय त्यांना हे सांगायला नको. खणून काढलेली तीच माती भिंतीला भिडवून भरू नका. तिथे खडी भरा.

रॅम्पच्या तळाशी पाणी साचणारच. तिथे आडवी जाळी, तिच्या फटी अर्ध्या इंचाहून कमी आणि चाकाच्या दिशेला काटकोनात, म्हणजे पुढचं लहान चाक अडकत नाही. खाली खड्डा आणि बॅटरीवरचा पंप. शेल्टर ओढ्याकाठी किंवा पूररेषेत तर मुळीच नको. ३१ मे २०१३ च्या वादळात ओक्लाहोमा सिटीत काही माणसं टॉर्नेडोच्या भीतीने नाल्यात उतरली आणि अचानक आलेल्या पुरात गेली.

खणण्याआधी ८११ या इथल्या मदत-क्रमांकावर फोन करून जमिनीतल्या गॅस-विजेच्या लाइन्स आखून घ्या. पाच फुटांपेक्षा खोल चरात कडांना आधार दिल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. छतावर दोन फूट माती म्हणजे दर चौरस फुटाला सव्वादोनशे पौंडांच्या वर कायमचं ओझं. सळ्या आणि जाडी इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या, यूट्यूब बघून नको.

आतल्या सोयी थोडक्यात सांगते. हवेसाठी झरोके हवेतच, पण उडती वस्तू थेट आत येणार नाही असं जाड स्टीलचं संरक्षण त्यांना हवं. बॅटरीचे दिवे, सगळ्यांसाठी हेल्मेट, बायपॅप या श्वासाच्या यंत्रासाठी चार्ज केलेली वेगळी बॅटरी, औषधं, लघवीचं भांडं. दारासमोर ढिगारा पडला तर तो आतून ढकलायला जॅक आणि पहार. जनरेटर आत कधीही नाही. टॉर्नेडो शेल्टरमध्ये दोन तास काढता येतील एवढी तयारी धरतात. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी मी त्याहून जास्त धरते, कारण बाहेर रस्त्यावर झाडं पडलेली असली तर बाकीचे चालत निघतील, तो नाही.

वेळेचा हिशेबही बांधकामाइतकाच पक्का करा. टॉर्नेडो वॉच म्हणजे हवामान तसं आहे. वॉर्निंग म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय. वॉर्निंगनंतर हातात थोडीच मिनिटं असतात. लेकाला माणूस उचलायच्या यंत्राच्या झोळीने पलंगावरून खुर्चीत बसवण्यातच त्यातली बरीचशी जातात, रॅम्प उतरायला फार वेळ लागत नाही. म्हणून आमच्या घरचा नियम असा: रात्री वॉच लागला की त्याला तेव्हाच खुर्चीत घ्यायचं, खुर्ची मागे कलवून तो तिथेच झोपतो. वॉर्निंगची वाट बघायची नाही. भोंग्यांवर विसंबू नका, ते बाहेर असलेल्या लोकांसाठी असतात. उशाशी हवामानाचे इशारे देणारा वेदर रेडिओ ठेवा. गॅरेजमधून रॅम्पकडे जाणाऱ्या वाटेवर गाडी अशी लावा की खुर्ची अंधारातही सरळ जाईल.

इथल्या अनेक शहरांत शेल्टरची नोंदणी करता येते, म्हणजे नंतर शोधपथकाला कुठे खणायचं ते कळतं. ती करा, आणि त्यात पॉवर व्हीलचेअर आहे हे लिहा. शेजारच्या दोन घरांना दार कुठे आहे ते प्रत्यक्ष दाखवून ठेवा. मार्चअखेरीस एकदा पंप चालवून बघा, बिजागऱ्यांना तेल द्या, बॅटऱ्या बदला, आणि घरातल्या त्या कमी ताकदीच्या जोडीलाच पलंगापासून कडी लावेपर्यंत सगळं करायला सांगा. तुम्ही फक्त घड्याळ धरून उभं राहायचं, मदत करायची नाही.